कोसमबोडीत उतरून चालायचं

१

रविवारी सकाळी साकोलीहून सायकल काढायची आणि सानगडीच्या बाजूच्या डोंगरात जायचं, हा माझा जुना नेम. तो मी कोणाचं पाहून धरलेला नाही, हे आधीच सांगतो, कारण हल्ली सायकल ही लागण झाली आहे. नागपूरहून माणसं गाडीच्या टपावर सायकली बांधून आणतात. घट्ट चड्ड्या, हातमोजे, डोक्यावर टरबूज कापून पालथं घातल्यासारखी टोपी. जेमतेम घाम येतो न येतो तोच ढाब्यावर आलुपराठे मागवतात आणि एकमेकांचे फोटो काढतात. त्यांतले जे फारच पोचलेले, ते रेल्वेत सायकली चढवून कोकणात जातात. डोंगर पाहिजे, समुद्र पाहिजे, आणि वर रस्त्यावर एकही गाडी नको. परत आले की फोटो दाखवतात. फोटोत समुद्र कमी आणि मांड्याच जास्त.

मला हे सगळं घराजवळ फुकट मिळालं होतं. जिल्हा फुटला तेव्हा चांगलं जंगल गोंदियाला गेलं, असं रडगाणं आमच्याकडे अजून गातात. गाणाऱ्यांपैकी एकानंही उरलेलं जंगल पायांनी पाहिलेलं नाही. कोसमबोडीचा जुना डांबरी रस्ता खिंडीतून डोंगर ओलांडतो आणि पलीकडे धरणाच्या काठाकाठानं जातो. धरण झालं, कोसमबोडी पाण्यात गेली, नवा रस्ता दुसरीकडून झाला. जुन्या रस्त्याच्या दोन्ही तोंडांना खंदक खणून ठेवले, म्हणजे गाड्यांचा प्रश्नच मिटला. सायकल खांद्यावर घेऊन खंदक पार करायचा, मग सगळा रस्ता आपला. सागाची वाळकी पानं, माकडं आणि पाणी. पलीकडचा काठ धुक्यात बुडालेला असला की समुद्रात याहून जास्त काय असतं, ते मला कळत नाही. मी समुद्र पाहिलेला आहे.

मनाली, माझी मुलगी, अकरावीत गेल्यापासून माझ्यासोबत येऊ लागली. पोरीच्या पायांत दम होता. एप्रिलमध्ये नागपूरला सायकलिंगच्या निवड चाचण्या होत्या आणि ती निवडली जाईल याबद्दल मला शंका नव्हती. आमच्या घरात काहीतरी धड होईल अशी ती एकच गोष्ट होती. तिला मी माझीच जुनी काळी, दांडीची, मागे क्यारेज म्हणजे कॅरिअर असलेली सायकल दिली होती. जड सायकल ओढली की पाय तयार होतात, मग हलकी सायकल आपोआप उडते, असा माझा सिद्धांत. माझी स्वतःची गिअरची होती, तिला क्यारेज नव्हतं. चांगल्या सायकलला क्यारेज लावलं की ती दूधवाल्याची दिसते.

२

जानेवारीतल्या एका रविवारी चंद्रकुमार सोबत आला. तो माझ्याच कॉलेजात गणित शिकवतो आणि मूळचा कोसमबोडीचा. गाव पाण्यात गेलं तेव्हा तो शाळेत होता. आता त्याचं घर पुनर्वसनाच्या वस्तीत, पत्र्याखाली.

खिंड उतरून रस्ता पाण्याला भिडतो, तिथं कडेला शिवेचा दगड आहे. चंद्रकुमार तिथं सायकलवरून उतरला आणि हँडल धरून चालू लागला.

"पंचर झाली का रे?" मी विचारलं.

"नाही. गाव आलं."

मी पाण्याकडे पाहिलं. दोन बगळे होते.

"कोणतं गाव?"

"आमचं. आमच्या गावातून सायकलवर बसून कोणी जात नाही. पारावर म्हातारे बसून राहतेत." मग त्याचं त्यालाच लाजल्यासारखं झालं. "म्हणजे, राहत. आता सवय झाली बा. पलीकडच्या दगडापर्यंत चालतो मी. तुमीबी उतरा ना, काय जाते तुमचं?"

"आणि नाही उतरलं तर?"

"तं दंड." तो हसला. "पैशाचा नाही. एक म्हातारा पारावरून उठे, चार पावलं पळे अन् चालत्या सायकलच्या क्यारेजवर बसून घे. मंग तो म्हणन तिथं त्याले सोडून द्यावं लागे. बाजार म्हणन तं बाजार, लेकीचं गाव म्हणन तं लेकीचं गाव. एका फॉरेस्टवाल्या साहेबाले तुमसरपर्यंत नेलं होतं म्हणते."

"खाली उतरवायचा सरळ."

"म्हाताऱ्या माणसाले सायकलवरून कोण उतरवते बे?"

एम.एस्सी. झालेला माणूस. पोरांना संभाव्यता शिकवतो, आणि पाण्यासमोर सायकल हातात धरून चालतो. माझ्या आजोबांनी छप्पन्न साली दीक्षा घेतली तेव्हा घरातले देव नदीत सोडले आणि देवांच्या मागोमाग भुतंही गेली, असं ते सांगत. त्या घरात मी वाढलो. असल्या चाळ्यांची मला चीड नाही येत, कीव येते.

मनालीनं एक पाय टेकला होता. ती माझ्याकडे पाहत होती.

"चल," मी म्हणालो. "बगळ्यांसाठी उतरायची गरज नाही."

मी पुढे निघालो आणि ती माझ्या मागे.

३

तो पट्टा सपाट आहे. डावीकडे पाणी, उजवीकडे सागाची झाडं. अर्ध्यावर गेलो असेन तेव्हा मागून पानांवर पावलं वाजली. कोणीतरी अनवाणी पळत आल्यासारखी, घाईची, थोडीशीच. मग क्यारेजची स्प्रिंग वाजली, करकर.

हा आवाज आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ओळखता येतो. रस्त्यानं ओळखीचा माणूस दिसला की सायकल थांबवत नाहीत, नुसती हळू करतात. तो पळत येऊन मागे बसतो. हँडल जरा डगमगतं, सायकल जड होते आणि गप्पा सुरू होतात.

मी वळून पाहिलं. चंद्रकुमार खूप मागे, हातात सायकल धरून चालत होता. जवळ फक्त मनाली होती, एकटी, नेहमीसारखी. तिचं हँडल मात्र एकदा डगमगलं.

"पप्पा, चढ लागला का?" ती म्हणाली.

"पाण्याच्या काठाला कुठला चढ?"

"मले जड लागून राहिली."

मी तिला चेन कोरडी पडल्याचं सांगितलं. पावलांचं मी मनाशी उत्तर काढलं: माकड. स्प्रिंगचं उत्तर: जुनी सायकल. उत्तरं बरोबर होती. दुसऱ्या दगडापाशी थांबून आम्ही चंद्रकुमारची वाट पाहिली आणि तो आल्यावर मी त्याची यथेच्छ टिंगल केली. तो हसला नाही. त्यानं मनालीच्या सायकलच्या मागच्या चाकाकडे पाहिलं आणि आपली सायकल घेऊन आमच्या मागून, जरा अंतर ठेवून आला.

४

फेब्रुवारीत मनाली मंदावली.

सुरुवातीला मी तिच्यावरच चिडलो. अभ्यास, मोबाईल, मैत्रिणी. मास्तराला मुलांबद्दल जेवढं सुचतं तेवढं सगळं मी तिला सुनावलं. चढावर ती पूर्वी माझ्या पुढे असे, आता सपाटीवरसुद्धा उभी राहून पायडल मारी. पाठ वाकवून येई. माझी बायको रश्मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका. तिनं मनालीला डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरनं रक्त तपासलं, लोहाच्या गोळ्या दिल्या. डॉक्टरला काही कळलं नाही की तो गोळ्या देतोच, पण गोळ्या गुलाबी होत्या म्हणून रश्मीला बरं वाटलं.

मी चेन बदलली. मागच्या चाकाचे छर्रे बदलले. सायकल स्वतः बाजारात नेऊन आणली. माझ्याखाली ती सुतासारखी चालली. मनाली बसली की जड.

मग ते चढणं. दांडीच्या सायकलवर आपण मागून टांग टाकून चढतो. मनालीही तशीच चढायची. एका सकाळी फाटकापाशी पाहिलं तर ती पाय पुढून, दांडीवरून, गुडघा छातीशी घेऊन पलीकडे टाकत होती. मागे कोणी बसलेलं असलं की असंच चढावं लागतं, नाहीतर त्याच्या तोंडाला लाथ लागते.

"हे काय नवीन?"

"काय?"

"मागून टाक ना टांग."

तिनं मागे क्यारेजकडे पाहिलं. रिकामं होतं. "असंच बरं वाटते," ती म्हणाली आणि तिलाही त्याचं नवल वाटलं.

त्याच दिवशी रस्त्यात खड्डा आला तेव्हा ती हळूच म्हणाली, "धरून बसा जी."

मी बाजूलाच होतो. मी तिला काही विचारलं नाही. विचारलं असतं तर तिनं उत्तर दिलं असतं, आणि ते मला नको होतं.

५

आमच्या घराला पुढे छपरी आहे. एका बाजूला रश्मीच्या कुंड्या, दुसऱ्या बाजूला सायकली, मधे एक वेताची खुर्ची. मार्चमध्ये सकाळची शाळा सुरू झाली की दुपारी घर निपचित पडतं. रश्मी आतल्या खोलीत झोपते, पंखा खडखडतो, शेजारच्यांची बोअर मधूनच सुरू होते.

मी पेपर तपासत बसलो होतो. पोरांनी काय लिहिलं होतं ते सांगण्यात अर्थ नाही. चंद्रावर गुरुत्वाकर्षण नसतं कारण तिथं सरकार नाही, असं एकानं लिहिलं होतं. तोच छपरीत स्प्रिंग वाजली. ओझं टाकल्यासारखी नव्हे. बसलेल्या माणसानं कूस बदलावी तशी.

मी खिडकीतून पाहिलं. मनालीची काळी सायकल एका पायावर भिंतीशी उभी होती. मागचा टायर खाली दबलेला होता आणि दोन्ही बाजूंनी फुगून आला होता. हवा गेली, असं म्हणालो मी, मोठ्यानं म्हणालो. पंप घेऊन बाहेर गेलो आणि टायर अंगठ्यानं दाबला. तो दगडासारखा टणक होता.

मी चाक काढलं, ट्यूब काढली, बादलीतल्या पाण्यात पूर्ण फिरवून पाहिली. एक बुडबुडा निघाला नाही. सगळं परत बसवलं. सायकल उभी केली, आत आलो, पेन उचललं आणि खिडकीतून पाहिलं. टायर दबलेला होता.

उन्हानं रबर सैल पडतं, असं मी मनात म्हटलं. पुढचं चाकही त्याच उन्हात होतं. ते गोल होतं.

संध्याकाळपर्यंत मी छपरीत गेलो नाही. मला भीती वाटत होती. अडाणी माणसाला भीती वाटली तर तो निदान कोणाकडे तरी जातो, अंगारा आणतो, कोंबडं कापतो. मला जायला जागाच नव्हती. सगळीकडच्या वाटा मी हसून हसून बंद केल्या होत्या.

६

शेवटी चंद्रकुमारकडे गेलो. स्टाफरूममध्ये बाकीचे चहा पीत होते आणि महागाई भत्त्यावर बोलत होते. ते निवृत्त होईपर्यंत त्यावरच बोलतील. मी त्याला बाहेर व्हरांड्यात घेतलं. मनालीला थकवा येतो, सायकल जड लागते, एवढंच सांगितलं. टायरचं सांगितलं नाही.

"कुठं सोडून द्याचं म्हणते तो?" त्यानं विचारलं.

"कोण तो?"

"पोरीनं विचारलं का त्याले?"

"तू शिक्षक आहेस. लाज वाटू दे जरा."

"वाटते ना लाज. त्यासाठीच नाही बोललो इतके दिवस. तू हसतोस मंग." तो कठड्याला टेकला. "पण मागं बसलेल्या माणसाले आपण विचारत असतो का नाही, कुठं उतरता म्हणून? न विचारता फिरवत राहिलं तं तो तरी काय करन? बसून राहन."

"दंड कोणाला होता तुमच्याकडे? एका मागोमाग दोघं गेले तर?"

"पुढच्याले. मागचा तं पुढच्याचं पाहून जाते."

"मग तो माझ्या मागे बसायला पाहिजे होता," मी म्हणालो, आणि आपण काय बोलतो आहोत ते ऐकून मला स्वतःचीच किळस आली.

चंद्रकुमारनं माझ्याकडे पाहिलं. त्याला वाईट वाटत होतं, हे सगळ्यात वाईट.

"तुह्या सायकलले क्यारेज कुठं आहे, अतुल?"

७

परसराम सायकलवाल्याचं दुकान हायवेच्या कडेला आहे. तो माझ्या सायकलभोवती दोनदा फिरला.

"इले क्यारेज? सर, दुधाचा धंदा सुरू केला का जी?"

"बसव."

"शोभा जाते जी गाडीची. एवढी महागाची..."

"परसराम, तू बसवतोस की मी दुसरीकडे जाऊ?"

त्यानं बसवलं. काळं, जाड, स्प्रिंगचं, बोचकं बांधायचं. गिअरच्या सायकलवर ते असं दिसत होतं की सुटाबुटातल्या माणसानं डोक्यावर भाजीची टोपली घेतली आहे. दुकानातली रिकामटेकडी मंडळी दात काढत होती. त्यांच्यातला एकही उभ्या आयुष्यात एखादं काम पुरं करू शकला नसेल, तेही मला हसत होते.

मी मनाशी नोंद करून ठेवली की हे मी मानतो म्हणून करत नाही. शास्त्रात एक गोष्ट बदलून पाहतात, तेवढंच. त्या विचारानं घरापर्यंत पुरेसा धीर आला.

रश्मीनं क्यारेज पाहिलं. "हे कशाला?"

"सामान आणायला."

"तुम्ही? सामान?" ती म्हणाली. मला आजवर पिशवी घेऊन बाजारात जाताना तिनं पाहिलं नव्हतं.

८

चाचण्यांच्या आधीचा रविवार. मनालीचे डोळे खोल गेले होते, पण ती उठली, तयार झाली, पाय दांडीवरून पुढे टाकून बसली. शेवटी ती माझीच मुलगी होती.

खंदक ओलांडला, खिंड चढलो. ती मागे रखडत होती. वरून पाहिलं तर धरणाचं पाणी खूप खाली गेलं होतं. उन्हाळी धानाला पाणी सोडतात, त्यानं एप्रिलपर्यंत काठ उघडा पडतो. कोसमबोडी वर आली होती. करड्या चिखलात घरांचे पाये, एक विहीर, आणि मधे गोल दगडी पार. पारावर काही काळं काळं ओळीनं होतं. पिंपळाच्या बुंध्याचे तुकडे असावेत. मी दुसऱ्यांदा पाहिलं नाही.

शिवेच्या दगडापाशी मी उतरलो.

"पप्पा?"

"उतर. इथून चालायचं."

मनालीनं माझ्याकडे असं पाहिलं की ती नजर मी लगेच ओळखली. ती माझी होती. चंद्रकुमारकडे, परसरामकडे, साऱ्या जिल्ह्याकडे मी तसाच पाहत आलो आहे.

"बगळ्यांसाठी?" ती म्हणाली, आणि पायडल मारलं.

दगडापासून थोडं पुढे डांबरी रस्त्यातून गावात उतरणारी जुनी गल्ली फुटते. इतके महिने ती पाण्याखाली होती. मनालीचं हँडल तिकडे वळलं. उतार होता, पण सायकल भरधाव सुटली नाही. सावकाश गेली. मागच्यानं 'इकडून घे' म्हटल्यावर आपण वळवतो तशी.

"मनाली, थांब!"

"लागून नाही राहिला ब्रेक," ती म्हणाली. तिच्या आवाजात घाबरणं नव्हतं, नुसता थकवा होता, आणि त्यानंच माझं काळीज फाटलं. तिच्या पुढे भेगाळलेला चिखल होता, मग पार, मग पाणी.

मी सायकल हातात धरून धावलो. कशीतरी तिच्या आडवी घातली. तिच्या मागे क्यारेजवर काही नव्हतं. टायर दोन्ही बाजूंना फुगून जमिनीला टेकला होता.

मी हात जोडले. कुठल्याही देवळात, कुठल्याही साहेबापुढे न जोडलेले हात. आणि जे बोललो ते माझ्या वर्गातल्या भाषेत नव्हतं. ते आजोबा बोलायचे तसं निघालं.

"बाबाजी, चुकी माही आहे. मी नाही उतरलो. पोरगी लहान आहे, ते मह्या मागून आली. तिले सोडा जी. मह्या मागं बसा, आता जागा केली आहे."

मनाली माझ्याकडे पाहत राहिली. बाप वेडा झाला असं तिला वाटलं असेल. वाटू दे, मी म्हटलं. एवढं एकदा होऊ दे.

काही झालं नाही. वारा नव्हता. पाण्याचा वास येत होता. हे सगळं मूर्खपणाचं आहे, हे मला अगदी स्पष्ट कळत होतं, आणि मी हात खाली घेणार होतो.

तेव्हा मनालीची सायकल अंगावरचं ओझं उतरल्यासारखी वर उचलली गेली. टायर गोल झाला. माझ्या हातातलं हँडल डगमगलं आणि नव्या क्यारेजची स्प्रिंग वाजली.

मी मान वळवली नाही. पण खाली नजर गेलीच. मागच्या चाकाच्या बाजूला एक टाच लोंबत होती. भेगा पडलेली, भेगांत करडा चिखल वाळलेला. ती जमिनीला टेकत नव्हती. सवयीनं, सायकल कधी निघते याची वाट पाहत असल्यासारखी ती जराशी हलत होती.

मी पुन्हा हँडलकडे पाहू लागलो.

"कुठं सोडू जी?" मी विचारलं.

उत्तर आलं नाही. मी हँडल पाराकडे वळवलं. चाक हललं नाही, जाम. पाण्याकडे वळवलं, तरी नाही. त्याचं घर तिथं होतं, पण तिथं आता घर नव्हतं. रस्त्याकडे वळवलं, आमच्या साकोलीकडे, तेव्हा सायकल अलगद पुढे सरकली.

९

मनाली पुढे गेली. काय सांगू कशी गेली! खिंडीचा चढ तिनं बसल्या बसल्या चढला. वर पोचून आरोळी ठोकली, मागे वळून हात हलवला आणि पलीकडे उतरून दिसेनाशी झाली. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. ती नागपुरात निवडली जाणार होती. आता कोणीही तिला अडवू शकत नव्हतं.

मी पाय दांडीवरून पुढे टाकून चढलो होतो. खिंड उभा राहून चढलो, तोंडाला फेस आला. खंदकापाशी उतरलो, सायकल खांद्यावर घेतली तेव्हा ती हलकी होती. पलीकडे टेकवली, बसलो, आणि ती पुन्हा जड झाली. त्यालाही खंदक पायी उतरावा लागतो, असं मनात आलं, आणि मी हसलो. ते हसणं ऐकून मी पुढे हसायचं बंद केलं. हायवेला ट्रकनं हॉर्न मारला तेव्हा मी "धरून बसा" म्हणालो.

वाटेत मी त्याला नावं सांगितली. गावांची. इथं उतरता का, म्हणून विचारलं. सानगडीला विचारलं, पुनर्वसनाच्या वस्तीच्या फाट्याला विचारलं, तिथं तुमची माणसं आहेत म्हणून अजिजी केली. प्रत्येक ठिकाणी सायकल हळू केली. कोणी उतरलं नाही.

घराचं फाटक उघडं होतं. मनाली छपरीत वेताच्या खुर्चीवर बसून पाणी पीत होती, घाम पुसत आईला सांगत होती, पाय कसे सुटले ते. रश्मी कुंड्यांपाशी उभी होती. कित्येक महिन्यांनी दोघी हसत होत्या.

मी आत आलो. सायकल भिंतीकडे नेली. रश्मीनं माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या मागे, आणि तिनं ओढणी डोक्यावर घेतली.

माझ्या वडिलांसमोरसुद्धा तिनं कधी ती घेतली नव्हती. त्यांनी घेऊही दिली नसती.

मनाली बोलता बोलता थांबली आणि खुर्चीवरून उठली. उठून तिनं खुर्चीची बैठक हातानं पुसली, आणि खुर्ची उन्हातून सावलीत ओढली.

"काय झालं?" मी म्हणालो. "काय झालं तुम्हाला दोघींना?"

"कुठं काय? पाणी आणते," रश्मी म्हणाली.

"मला नको."

"तुमच्यासाठी नाही," ती म्हणाली, आणि पेला आणायला आत गेली.